गेटवरची वही

सुनावणीची वेळ सकाळी साडेअकराची होती. आमच्या वस्तीजवळच्या मैदानाच्या आरक्षणात फेरबदल सुचवला होता आणि त्यावर आम्ही शंभरेक जणांनी हरकती नोंदवल्या होत्या. त्या दिवशी चाळीसेक जण हजर होतो. ठाणे-नवी मुंबईच्या या पट्ट्यात नियोजन प्राधिकरणं बरीच आहेत, त्यातलं हे कुठलं ते इथे महत्त्वाचं नाही. गेटवर टेबल, टेबलावर लाल बांधणीची जाड वही आणि दोरीने बांधलेलं पेन. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, कोणाला भेटायचं, काम काय, आत जाण्याची वेळ, सही. सुरक्षारक्षक प्रत्येकाकडून सगळे रकाने भरून घेत होता. आमच्यासोबत ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना ती बारीक छपाई दिसेना, म्हणून त्यांची ओळ मी भरली. ‘काम’ या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘मैदान लिही.’’

तेवढ्यात एक गाडी थेट पोर्चपर्यंत गेली. दोघं उतरले, एकाच्या काखेत नकाशांची गुंडाळी होती. सुरक्षारक्षकाने उठून दार धरलं. वही टेबलावर तशीच राहिली.

आमचा नंबर दीड वाजता लागला. दोन-दोन मिनिटं बोलायला मिळाली. ‘‘लेखी दिलंय ना, मग त्याचा विचार होईल,’’ असं सांगून आमच्या सह्या घेतल्या. पुढे माहितीच्या अधिकारात फाइल पाहायला मिळाली. आमच्या हरकती एका तक्त्यात होत्या, प्रत्येकीसमोर नाव, पत्ता आणि ‘अमान्य’ असा शेरा. फेरबदल का करायचा, याच्या टिपणीत मात्र एक वाक्य होतं: ‘संबंधितांशी झालेल्या चर्चेनुसार सदर प्रस्ताव सादर करण्यात येत आहे.’ संबंधित कोण? चर्चा कुठल्या तारखेला, कोणाच्या दालनात, कोणत्या मागणीवर झाली? संपूर्ण फाइलमध्ये याचा एक कागद नव्हता. विरोध करणाऱ्यांची नावं पत्त्यासकट होती, मागणी करणाऱ्याचं नाव नव्हतं.

‘संबंधित’ हा शब्द सरकारी टिपणीत असा एकटा चालू देता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे. सरकारवर दबाव आणणाऱ्यांचं नियमन करायचं म्हणजे काय, याची सुरुवात माझ्या मते तिथून होते.

दबाव आणणं वाईट, असं मी म्हणत नाही. या भागात राहणाऱ्याने तसं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. नवी मुंबई ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दबाव आणला नसता तर त्यांच्या हाती काहीच उरलं नसतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि विमानतळबाधितांसाठी ती साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेली. २०२१ च्या जून महिन्यात विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या मुख्यालयाला, सिडको भवनाला, घेराव पडला. ही मागणी कोणाची, कशासाठी, हे पनवेलपासून ऐरोलीपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं. वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगारांचा दबाव असतो, व्यापाऱ्यांचा असतो, शेतकऱ्यांचा असतो. १९६९ चा माथाडी कायदा हा संघटित दबावाचंच फळ आहे. एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कराविरोधात २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मला तो निर्णय महापालिकांच्या तिजोरीच्या दृष्टीने चुकीचा वाटतो. पण दबाव कोणी आणला हे लपून राहिलं नाही, म्हणून त्यावर वाद घालता आला, मत देता आलं. ठाण्यातली क्लस्टरची, म्हणजे जुन्या-धोकादायक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाची, मागणीही मोर्चे काढून झाली. एप्रिल २०१३ मध्ये शीळ-डायघरच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जीव गेले, त्यानंतर किसननगर-वागळेपट्ट्यातल्या माणसांनी ‘आम्हाला कायदेशीर घर द्या’ म्हणत सरकारचं दार ठोठावलं, यात गैर काय?

मोर्चाला परवानगी लागते, रस्ता ठरवून द्यावा लागतो, घोषणा सगळ्यांना ऐकू येतात. निवेदनाला आवक क्रमांक पडतो. रस्त्यावरच्या दबावाची नोंद पोलिसांकडे, वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या आठवणीत राहते. दालनातल्या दबावाची कुठेच राहत नाही. आमच्याकडे त्याला ‘लायझनिंग’ म्हणतात. ‘वर बोलणं झालंय’, ‘फाइल हलली’, ‘सदतीसचं करून घेऊ’ ही वाक्यं बांधकाम व्यवसायाच्या आसपास वावरणारा प्रत्येक जण रोज ऐकतो.

हे ‘सदतीसचं’ जरा समजून घ्यायला हवं, कारण शहराचं बरंच भवितव्य त्यात ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार विकास आराखडा करताना प्रारूप जाहीर होतं, हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते. ही वाट लांबची पण उघडी आहे. आराखडा मंजूर झाल्यावर त्यात किरकोळ फेरबदल करायची सोय कलम ३७ मध्ये आहे. प्राधिकरणाने ठराव करायचा, सूचना प्रसिद्ध करायची, महिनाभर हरकती घ्यायच्या आणि प्रस्ताव मंजुरीसाठी नगरविकास खात्याकडे पाठवायचा. याच कलमातल्या १कक या पोटकलमाने राज्य सरकार स्वतःहूनही फेरबदलाची प्रक्रिया सुरू करू शकतं. कायद्यातला शब्द ‘किरकोळ’. प्रत्यक्षात शाळेचं आरक्षण रहिवासी पट्ट्यात जाणं, ना-विकास क्षेत्राचा काही तुकडा बांधकामाला मोकळा होणं, रस्त्याची रुंदी वाढून त्यावर अवलंबून असलेला एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढणं, हे सगळं या वाटेने होऊ शकतं. वर्तमानपत्रात त्याची सूचना येते ती मुंगीएवढ्या अक्षरात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर देऊन. कोणत्या मैदानाबद्दल हे चाललंय हे कळायला सातबारा वाचता येणारा माणूस लागतो. आणि त्या सूचनेत ‘हा फेरबदल अमुक यांच्या विनंतीवरून’ असं स्पष्ट लिहिण्याची सक्ती नाही.

गेल्या काही वर्षांत हे आणखी बिकट झालं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात दोन्हीकडे प्रशासक. नेमक्या याच काळात नवी मुंबई महापालिकेने, स्थापनेनंतर तीस वर्षांनी, पहिल्यांदा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा हरकतींसाठी खुला केला. सिडकोच्या भूखंडांवर टाकलेल्या आरक्षणांवरून केवढा वाद झाला हे नेरुळ-वाशीकरांना सांगायला नको. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडाही २०२४ मध्ये, प्रशासकाच्याच काळात आला. नगरसेवकांबद्दल आपल्या तक्रारी हजार असतील. तरी सभागृहात प्रस्ताव आला की कोणी तरी उठून ‘हे कोणासाठी चाललंय?’ असं विचारायचं, पत्रकार दुसऱ्या दिवशी छापायचे. सभागृहच नसलं तर दबावाला एकच दार उरतं आणि ते बंद दालनाचं असतं.

राज्य पातळीवरही हेच चित्र आहे. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बांधकामावरच्या अधिमूल्यात, म्हणजे विकासकाने बांधकामासाठी भरायच्या प्रीमियममध्ये, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. दीपक पारेख समितीची शिफारस होती, कोविडने बांधकामं ठप्प झाली होती, सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरावं अशी अट होती. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी सवलतींची मागणी उघडपणे केली होती, तो त्यांचा हक्क आहे. कदाचित निर्णय योग्यही असेल. पण अधिमूल्य हे महापालिकेच्या उत्पन्नाचं मोठं साधन. त्यातून रस्ते, पाणी, मलवाहिन्या होतात. घोडबंदर रोडवर उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांचा या निर्णयाशी थेट संबंध होता. त्यांचं कोणी ऐकलं का? निर्णयाआधी कोणत्या संघटनांशी किती बैठका झाल्या आणि त्यांत काय मागितलं गेलं, याची यादी लोकांपुढे ठेवण्याचं बंधन कोणावरच नव्हतं. आजही नाही.

मग कायदा काय म्हणतो? भारतात लॉबिंगला, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून सरकारकडे वजन वापरण्याला, ना परवानगी आहे ना बंदी, त्याची कायद्यात व्याख्याच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने ७अ हे कलम आलं. लोकसेवकावर गैरमार्गाने किंवा वैयक्तिक वजन वापरून प्रभाव टाकण्यासाठी लाभ घेणारा त्यात गुन्हेगार ठरतो. पण लाभाची देवघेव किंवा निदान तसा प्रयत्न सिद्ध व्हावा लागतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ खरं तर फार पुढे गेलेलं आहे. महत्त्वाचं धोरण ठरवताना सर्व संबंधित तथ्यं स्वतःहून प्रसिद्ध करा, निर्णयाची कारणं बाधितांना सांगा, असं ते सांगतं. २००५ पासून हे कलम पुस्तकात आहे. केंद्राने २०१४ मध्ये विधेयकांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवण्याचं धोरणही स्वीकारलं, पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे पाळलं तर पाळलं.

२०१२ च्या डिसेंबरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीने भारतीय बाजारात प्रवेश मिळवण्यासह इतर विषयांवर लॉबिंगसाठी केलेला खर्च उघड झाला, संसद तापली, न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी बसली. ही माहिती आपल्याला मिळाली कुठून? अमेरिकेच्या नोंदवहीतून. तिथे १९९५ च्या कायद्याने नोंद करावी लागते म्हणून. आपल्या देशाबद्दलच्या दबावाची खबर आपल्याला दुसऱ्या देशाच्या दप्तरातून कळली, ही गोष्ट मला अजून टोचते. त्यानंतर २०१३ मध्ये लोकसभेत कलिकेश नारायण सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती उघड करण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. निवडणूक रोखे, म्हणजे राजकीय पक्षांना नाव न उघडता देणगी देण्याची योजना, हेही असंच झाकलेलं प्रकरण. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, नावं झाकली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि नावं बाहेर आली. कोणी कधी देणगी दिली आणि त्याच सुमारास कोणते निर्णय झाले, हे मग सामान्य वाचकही पडताळू लागला. देणगीची तारीख कळली, पण भेटीची तारीख अजून अंधारातच आहे.

जगात यावर काम झालंय. आपल्याला सगळ्यात जवळचा मला आयर्लंडचा कायदा वाटतो. अमेरिका मोठी, तिथला पैसा प्रचंड, नोंदी असूनही तो पैसा राजकारण वाकवतो, हे खरं आहे. आयर्लंडचं दुखणं मात्र अगदी आपल्यासारखं होतं: शेतजमीन रहिवासी पट्ट्यात टाकून घेण्यासाठी नगरसेवकांना आणि राजकारण्यांना पैसे पोचवले जात. डब्लिन परिसरातल्या या प्रकारांची चौकशी १९९७ मध्ये सुरू झाली आणि अंतिम अहवाल आला २०१२ मध्ये. पंधरा वर्षं! त्यानंतर २०१५ मध्ये लॉबिंग नियमनाचा कायदा झाला. मंत्री, खासदार, वरिष्ठ अधिकारी आणि स्थानिक संस्थांचे सदस्य, यांच्यापैकी कोणाशी धोरणाबद्दल संपर्क साधला तर दहाहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना आणि पगारी मध्यस्थांना वर्षातून तीनदा विवरण भरावं लागतं. कोणाला भेटलो, कोणत्या विषयावर, काय साधायचं होतं, फोन की पत्र की बैठक. ते सगळं इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतं. छोट्या मालकांना सूट आहे, पण जमिनीचा विकास आणि जमीन वापरातला बदल या विषयाला ती सूट नाही. त्या विषयावर कोणीही बोललं तरी नोंद हवीच. स्वतःच्या राहत्या घरापुरतं बोललात तर नको. हा बारकावा ज्याने कायद्यात घातला त्याला जमिनीचं राजकारण कळत होतं. ब्रिटनचा २०१४ चा कायदा उलट तोकडा पडला, कारण तो मुख्यतः दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्यांनाच लागू होतो, कंपनीचा स्वतःचा माणूस मंत्र्याला भेटला तर त्याला नोंदणी लागत नाही.

महाराष्ट्राने असा कायदा करावा, सुरुवात फक्त जमिनीपासून करावी, असं माझं मत आहे. पण इथे एक भीती आहे आणि ती मी स्वतः बाळगते. दबावगटांचं नियमन म्हटलं की आपल्याकडे हात आधी पोचतो तो दुबळ्या संघटनांपर्यंत. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली आणि कित्येक छोट्या संस्थांची अडचण झाली. नेरुळच्या डीपीएस तलावातल्या फ्लेमिंगोंसाठी रविवारी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांकडे ‘तुमची नोंदणी कुठे आहे?’ असं विचारलं जाऊ लागलं, तर हा कायदा नसलेला बरा. म्हणून माझं म्हणणं असं की नोंदीचं बंधन भेटायला येणाऱ्यावर कमी आणि ज्याच्या हाती सही आहे त्याच्यावर जास्त असावं. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या बाहेरच्या लोकांशी झालेल्या भेटींची यादी दर तिमाहीला प्रसिद्ध होते. तशी यादी आयुक्त, नगररचना विभागाचे वरिष्ठ अधिकारी, नगरविकास खात्याचे सचिव आणि मंत्री यांनी द्यावी. परवाना कोणालाच नको, फक्त नोंद हवी. माझ्यासारखीने भेट घेतली तर माझंही नाव त्यात यावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

‘भेटी काय कचेरीतच होतात? लग्नात, फार्महाउसवर, गणपतीच्या दर्शनाला होतात, त्यांचं काय?’ हे मला हमखास ऐकायला मिळतं. खरं आहे, होतात. पण आज अशी भेट लपवणं हा काही दोषच नाही, लपवली काय आणि सांगितली काय, सारखंच. नोंदीचा नियम आला की न लिहिलेली भेट हा पुरावा होतो. पुढे कधी चौकशी झाली, फोनची माहिती निघाली, तर ‘भेटलो होतो पण फक्त ख्यालीखुशाली विचारली’ हे उत्तर पुरणार नाही. शिवाय प्रामाणिक अधिकाऱ्यालाही ही ढाल आहे. वरून फोन आला की ‘साहेब, नोंद करावी लागेल’ एवढं तरी त्याला म्हणता येईल. आज त्याच्या हातात तेवढंही नाही. निवृत्तीनंतर त्याच विकासकांकडे सल्लागार म्हणून बसणाऱ्या अधिकाऱ्यांवरही काही वर्षांचं बंधन हवं. केंद्रीय सेवेतल्या वरिष्ठांना निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी परवानगी लागते, पण महापालिकेतल्या नगररचनाकारालाही असंच काही तरी लागू व्हायला हवं. फायली त्यानेच हाताळलेल्या असतात.

यंत्रणा नाही, असं तर कोणी म्हणूच नये. मंत्रालयात २०२५ पासून चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे, आत जायला डिजीप्रवेश ॲपवर नोंद करावी लागते. कोण आलं, कोणत्या खात्यात गेलं, हे सरकारला क्षणात कळतं. आमच्या सोसायटीच्या गेटवर भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या मुलाला ॲपवर मंजुरी मिळेपर्यंत उन्हात उभं राहावं लागतं. त्या मुलाची ही रोजची तपासणी मला नेहमी खटकते. शहरातलं मैदान नकाशावरून पुसायला सांगणाऱ्याला मात्र कोणी नाव विचारत नाही.

राज्याचा कायदा होईल तेव्हा होईल, त्याला वेळ लागेल. पण ठाणे आणि नवी मुंबईत आता पुन्हा सभागृह आहे. कलम ३७ चा प्रस्ताव सभागृहापुढे येतो तेव्हा त्यासोबत गोषवारा असतो. त्या गोषवाऱ्याला एक जोडपत्र लावायचं: या फेरबदलाची मागणी कोणी केली, अर्जाची तारीख, त्या विषयावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणाची भेट घेतली, बाजूने आणि विरोधात आलेली निवेदनं, आणि जमिनीची मालकी कोणाकडे. एवढा ठराव करायला मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. जोडपत्र नसेल तर प्रस्ताव पुढच्या सभेवर ढकलायचा.

हे एका पानावर लिहून मी आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना भेटून देणार आहे. सोबत ते निवृत्त शिक्षकही येणार आहेत. भेटीची तारीख, वेळ आणि ‘काम’ या रकान्यातला शब्द मी आधीच लिहून ठेवला आहे.